आठ महिने कोरियन मालिका आणि जपानी पॉप: सबटायटलमध्ये काय गळतं, ८९ सेकंदांत काय कापलं जातं

आधी मत, मग तपशील. रोज एक कोरियन भाग आणि तासभर जपानी गाणी, असा आठ महिन्यांचा क्रम झाल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. ही दोन्ही आपल्यापर्यंत बहुतेकदा अर्धीच पोचतात. मालिका इंग्रजी सबटायटलमधून गळत येते आणि गाणं ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, सुरुवातीच्या दीड मिनिटापुरतं कापून येतं. उरलेला अर्धा भाग मिळवायला कोरियन किंवा जपानी भाषा पूर्ण शिकावी लागत नाही. कान कुठे लावायचा आणि ॲपमधली कोणती बटणं बंद करायची, एवढं कळलं तरी खूप फरक पडतो. मराठी बोलणाऱ्याला तर हे सोपंच जातं.

कोरियन बोलण्याचा जीव वाक्याच्या शेवटी असतो. वाक्य संपताना 'यो' ऐकू आलं की समजायचं 'तुम्ही'. 'निदा', किंवा प्रश्नात 'निक्का' आलं की त्याहून औपचारिक: बातम्या, सैन्य, मोठ्या साहेबांसमोरचं बोलणं. यातलं काहीच नसेल तर 'तू'. या शेवटच्या प्रकाराला बानमाल म्हणतात. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे सबटायटलमध्ये हा फरक पुसला जातो. 'बोलणं खाली ठेवू या का', असं कोरियनमध्ये खरोखर विचारतात. आपण त्याला अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं म्हणतो. प्रेमकथेत हा क्षण पहिल्यांदा हात धरण्याइतका मोठा असतो. उलटही होतं: रोज मोकळेपणाने बोलणारं माणूस भांडणात एकदम 'यो' लावून बोलू लागलं, की नातं तुटण्याच्या बेतात आहे हे कोरियन प्रेक्षकाला तिथेच कळतं. सबटायटल वाचणाऱ्याला मात्र ते दोन भागांनंतर कळतं.

नात्यांच्या हाकांचंही तसंच. ओप्पा म्हणजे मुलीने आपल्याहून मोठ्या मुलाला मारलेली हाक, ह्यंग म्हणजे मुलाने मोठ्या मुलाला. ऑन्नी आणि नुना या तशाच दोन ताया. सबटायटलमध्ये या सगळ्यांच्या जागी सर्रास माणसाचं नाव येतं. मोठ्या भावाला नुसत्या नावाने हाक मारणं तिकडच्या घरात उद्धटपणाचं असतं, त्यामुळे पडद्यावरची अक्षरं आणि कानावर पडणारा आवाज यांची फारकत होते. उपाय एकच, हाक आली की वाचायचं नाही, ऐकायचं.

'रिप्लाय १९८८' या २० भागांच्या मालिकेत हे सगळ्यात छान दिसतं. सोलच्या सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीतली पाच घरं. तिथल्या आई-बाबांना कोणी त्यांच्या नावाने हाक मारत नाही: सनूची आई, जंगह्वानची आई, तेकचे बाबा. बंड्याची आई आणि पिंट्याचे बाबा ऐकत वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही. कोरियन भाषेत संबोधनही आहे. नावाच्या शेवटी व्यंजन असेल तर 'आ' लागतो, स्वर असेल तर 'या'. म्हणून दक्सनची 'दक्सना' होते.

'माय मिस्टर' (२०१८, १६ भाग) या मालिकेचं मूळ नाव 'नाए आजोस्सी'. आजोस्सी म्हणजे ओळखी-अनोळखी मध्यमवयीन माणसाला लावायचा शब्द, आपल्या 'काका'च्या अगदी जवळचा. ऑफिसात ज्याला हुद्द्याने 'बुजांगनिम' म्हणायचं, त्याला त्याच्या हाताखालची तरुण मुलगी आजोस्सी म्हणते, यात अख्खी मालिका आहे. 'मिस्टर' या शब्दाने ते नातं कोरडं होऊन जातं. माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांतली ही सर्वांत चांगली कोरियन मालिका आहे, पण तिने सुरुवात करू नये. पहिले चार भाग अंधारे आणि संथ आहेत, आणि आजोस्सी शब्दाचं वजन कानाला कळेपर्यंत ती उलगडत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये चार-चार भागांच्या चार हप्त्यांत आलेली जेजू बेटावरची मालिका इंग्रजीत 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' झाली. मूळ नाव 'फोकसाक सोगात्सुदा', जेजूच्या बोलीत 'फार कष्ट घेतलेत'. प्रमाण कोरियन कानाला तेच 'पुरते फसलात' असं ऐकू येतं. बोलीतल्या अशा गमती सबटायटलमध्ये येऊच शकत नाहीत, म्हणून या मालिकेआधी नावाचा अर्थ तरी वाचून ठेवावा.

हिंदी सबटायटल मिळत असतील तर कोरियन आवाज आणि हिंदी अक्षरं ही जोडी लावून पाहा. तू, तुम, आप असे तीन थर हिंदीत असल्यामुळे पुष्कळ काही परत मिळतं. अडचण एवढीच, की भाषांतर इंग्रजीवरून केलेलं असेल तर थर अंदाजाने लावलेले असतात. दोन दृश्यं 'यो'शी ताडून पाहिली की लगेच कळतं. हिंदी डब मात्र मी सुचवणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बघायला तो ठीक आहे, पण वाक्याच्या शेवटाचा सगळा खेळ त्यात जातो.

आता साचा. टीव्हीवरच्या कोरियन मालिकेचा रूढ आकार १६ भागांचा, प्रत्येक भाग ६० ते ७० मिनिटांचा, आठवड्याला लागोपाठच्या दोन रात्री. सोम-मंगळ, बुध-गुरु, शुक्र-शनि, शनि-रवि अशा जोड्या असतात. आता १२ भागांच्याही बऱ्याच येतात. म्हणजे मोठा धक्का दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम भागाच्या शेवटी असतो, कारण तिथून पाच-सहा दिवसांची सुट्टी. सलग बघणाऱ्याची झोप इथेच जाते. भाग संपला तिथे थांबायला जाऊ नका, तिथे थांबताच येऊ नये अशीच त्याची बांधणी असते. पुढच्या भागात पंधरा-वीस मिनिटं जा, धक्क्याचा निकाल लागतो, कथा श्वास घेते, तिथे बंद करा. आठ महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती हीच. मालिका सोडायची की नाही हे चौथ्या भागानंतर ठरवावं, दोन भागांवर नाही. पहिला आठवडा बहुधा माणसं उभी करण्यात जातो.

'पुढचा भाग आपोआप सुरू' ही सोय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. अनेक मालिकांत श्रेयनामावलीच्या आसपास एक-दोन मिनिटांचा उपसंहार असतो. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये नायक-नायिकेच्या जुन्या, नकळत झालेल्या भेटी अशाच तुकड्यांत उलगडतात. ते चुकलं तर शेवटी डोळ्यांत पाणी का यावं, हेच कळणार नाही.

जुन्या मालिकांत १२ ते १४ या भागांदरम्यान कथा ढेपाळते. त्यामागे कारण आहे. पूर्वी प्रसारण चालू असतानाच चित्रीकरण व्हायचं, संवादांची पानं सेटवर सुटी-सुटी यायची, आणि शेवटाकडे वेळच उरायचा नाही. २०१६ मध्ये 'डिसेंडंट्स ऑफ द सन' आधी पूर्ण चित्रित करून दाखवली गेली आणि गाजली, पुढे २०१८ पासून आठवड्याला ५२ तास कामाची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हापासून शेवट सुधारले आहेत. तेराव्या भागातली जोडप्याची ताटातूट मात्र अजून गेलेली नाही.

एक गोंधळ नेहमी होतो. २०१७ ते २०२१ मधल्या केबीएस, एमबीसी, एसबीएसच्या मालिका याद्यांमध्ये ३२ किंवा ४० भागांच्या दिसतात. या वाहिन्यांना भागाच्या मध्ये जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी एक भाग ३५-३५ मिनिटांच्या दोन भागांत तोडला. जुलै २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर ते थांबलं. त्यामुळे '४० भाग' बघून दचकू नका. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' खरं तर २० भागांचीच आहे. ती टँजरिन्सच्याच लेखिकेची आहे आणि सुरुवातीला बघायला फार चांगली.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी हिशोब: साध्या दर्जाला तासाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत. सोळा तासांची मालिका साध्या दर्जात १६ जीबी खाते. वाय-फायवर चार-चार भाग उतरवून घ्यावेत.

मालिकेतलं गाणं शोधायचं तर कोरियन आणि जपानी पद्धतीतला फरक माहीत हवा. कोरियन मालिकेचा ओएसटी, म्हणजे तिच्या गाण्यांचा संच, प्रसारणाबरोबर 'पार्ट १, पार्ट २' असा तुकड्यांत येतो, पार्श्वसंगीत शेवटच्या पूर्ण अल्बममध्ये मिळतं. 'माय मिस्टर'मधलं सोंदियाचं गाणं असंच एका पार्टमध्ये आहे. जपानी मालिकेत बहुधा एकच मुख्य गीत असतं आणि तेच दर भागात येतं. टीबीएस वाहिनीच्या, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांवरच्या 'अननॅचरल' (२०१८, १० भाग) मध्ये योनेझु केन्शीचं 'लेमन' दर भागात नेमकं दुःखाच्या शिखरावर सुरू होतं. दहा वेळा तेच गाणं, दर वेळी वेगळ्या मृताचं. मला ही जपानी पद्धत जास्त भिडते.

आणि इथून जपानी पॉप. ॲनिमेच्या सुरुवातीला मिळतं ते 'टीव्ही साइझ', साधारण ८९ सेकंदांचं. पूर्ण गाण्याची रचना अशी: ए-मेरो, बी-मेरो, साबी ('मेरो' म्हणजे मेलडी, चालीचा एक तुकडा). मग हेच दुसऱ्यांदा, बहुतेकदा ए-मेरो बदलून. नंतर सी-मेरो ही नवीच चाल, मग वाद्यं जवळजवळ थांबून हळू आवाजात आलेली 'ओचि-साबी', आणि शेवटची भरलेली साबी, कित्येकदा सूर चढवून. आपल्या भावगीतात ध्रुवपद आधी आणि अंतरे नंतर. इथे ध्रुवपदाची जागा घेणारी साबी दोन पायऱ्या चढून गेल्यावर येते. टीव्ही साइझमध्ये यातली एकच फेरी बसते, म्हणजे सी-मेरोपासूनचा सगळा कळस कापला जातो.

योआसोबी या जोडीच्या 'आयडॉल'चं (एप्रिल २०२३) यात मोठं नुकसान होतं. गाणं एका गटातल्या पॉप-तारकेबद्दल आहे, आणि दीड मिनिटात आपण फक्त तिच्यावर दिपलेल्या चाहत्यांची नजर ऐकतो. पूर्ण गाण्यात पुढे गटातल्या बाकीच्या मुलींचा मत्सर येतो, आणि शेवटी त्या मुलीचा स्वतःचा आवाज. तीन नजरा मिळून ते गाणं होतं. जपानच्या बिलबोर्ड यादीत ते सलग २१ आठवडे पहिलं राहिलं, आणि पूर्ण ऐकलं की त्याचं नवल वाटत नाही.

जपानी पॉपमधली ती गोड हुरहुर कुठून येते, हे पेटीवर वाजवून बघता येतं. पांढरी एक षड्ज धरा आणि हे चार स्वरमेळ क्रमाने दाबा: म-ध-सा, प-नी-रे, ग-प-नी, ध-सा-ग. तिकडे याला 'ओदो शिनको', म्हणजे राजमार्गाची चाल म्हणतात. षड्जावर उभा असलेला मेळ यात एकदाही येत नाही. गाणं घराभोवती फिरतं आणि उंबऱ्यावरून परत जातं. शेकडो गाणी या चालीवर उभी आहेत. जुन्या एन्का, म्हणजे पारंपरिक वळणाच्या भावुक जपानी गाण्यांत आणखी ओळखीचं काही भेटेल: चौथा आणि सातवा स्वर गाळलेली 'योनानुकी' सप्तकं. त्यातलं शुद्ध स्वरांचं सप्तक म्हणजे आपल्या भूपाचेच पाच स्वर.

लयीतही मराठी कानाला फायदा आहे. जपानी भाषा मात्रांवर चालते. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा, शब्दातल्या अनुनासिकाचीही स्वतंत्र एक. 'तोक्यो' प्रत्यक्षात तो-ओ-क्यो-ओ, चार मात्रा. जुन्या गाण्यात एका मात्रेला एक सूर असा सरळ हिशोब असे. उतादा हिकारूने १९९८ च्या 'ऑटोमॅटिक'मध्ये शब्द मध्येच तोडून, मात्रा पुढच्या सुरावर ढकलून हा हिशोब मोडला. पुढच्या वर्षी तिचा 'फर्स्ट लव्ह' अल्बम जपानमध्ये ७६ लाखांहून जास्त खपला. त्याआधीचं एक आणि हे एक अशी दोन गाणी लागोपाठ ऐका, फरक लगेच जाणवतो.

स्ट्रीमिंगवर शोधताना चुका ठरलेल्या. रोमन लिपीत नाव टाकलं की म्युझिक बॉक्सवरच्या, पियानोवरच्या आणि भलत्याच गायकांच्या आवृत्त्या वर येतात. कलाकाराच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवरून जपानी अक्षरांतलं शीर्षक उचलून टाका. गाण्याचा कालावधी दीड मिनिट दिसला तर ते टीव्ही साइझ, पुढे जा. गळा पारखायचा असेल तर 'द फर्स्ट टेक' या चॅनेलवर एकाच दमात गायलेली गाणी आहेत. काही कलाकार मात्र स्ट्रीमिंगवर सापडत नाहीत. सिटी पॉपचे, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या शहरी जपानी पॉपचे, मोठे नाव यामाशिता तात्सुरो यांनी आपले सोलो अल्बम त्यापासून दूर ठेवले, तिथे सीडी किंवा रेकॉर्डच घ्यावी लागते.

सीडी कुठेही वाजते. तिच्यासोबत येणाऱ्या मैफलीच्या चकतीचं तसं नाही, ती ठरावीक प्रदेशाच्या (रिजनच्या) यंत्रावरच चालते. जपानी डीव्हीडी रिजन २ ची, भारतातली यंत्रं रिजन ५ ची. ब्लू-रेमध्ये जपान ए, भारत सी. मर्यादित आवृत्तीचे जास्तीचे पैसे याच चकतीसाठी असतात, म्हणून सर्व रिजन वाचणारं यंत्र नसेल तर साधी आवृत्तीच घ्यावी.

शेवटचा सल्ला, कष्टाचा पण फळ देणारा: काना, म्हणजे जपानी उच्चारांची लिपी, शिका. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तो आला, म्हणून आपली बाराखडी येणाऱ्याला पाठ करायला फारसं काही उरतच नाही. रोमन अक्षरांत अडणारा 'त्सु' म्हणजे 'चाक' शब्दातल्या च चा उच्चार आणि त्याला उकार. रोज पाच अक्षरं घेतली तर तीन आठवड्यांत दोन्ही संच होतात. मग ॲपमध्ये गाण्याचे शब्द उघडा आणि कांजी (चिनीवरून आलेली चित्राक्षरं) सोडून फक्त काना वाचत ओळीबरोबर सरका. साबी कधी येणार, हे कानाआधी डोळ्यांना कळू लागतं.