आयलंडव्ह्यूअर ४ : टायफॉइडच्या जीनोमवर कितपत विसंबावं?

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाची आयलंडव्ह्यूअर ही मोफत वेबसेवा जीवाणूंच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकीय क्रमात) बाहेरून येऊन बसलेले जनुकांचे सलग गट, म्हणजे जीनोमिक आयलंड, शोधते. चौथी आवृत्ती २०१७ मध्ये आली. कुठे बघायचं हे ती फार चांगलं सांगते. आयलंड नेमकं कुठून कुठपर्यंत आहे, हे मात्र स्वतः तपासावं लागतं.

एकाच निकषावर न थांबता ती चार पद्धती एकत्र लावते, हे तिचं खरं बळ. सिजी-एचएमएम कोडॉन (प्रथिनाचा एकेक घटक ठरवणारी तीन अक्षरं) वापरातला फरक पाहते. आयलंडपाथ-डिमॉब डायन्यूक्लिओटाइडचा (डीएनएतल्या शेजारच्या दोन अक्षरांच्या जोड्यांचा) कल आणि इंटिग्रेजसारखी (डीएनएचा तुकडा जीनोममध्ये बसवणारं एन्झाइम) फिरतीची जनुकं एकत्र आहेत का ते पाहते. आयलंडर टीआरएनए जनुकांत घुसलेले तुकडे हुडकते, तर आयलंडपिक जवळच्या जीनोमशी तुलना करते. सगळ्यांचे निकाल एकाच वर्तुळाकार नकाशावर दिसतात आणि तक्ता उतरवून घेता येतो.

टायफॉइडचा जीवाणू साल्मोनेला टायफी याचं एसपीआय-७ (साल्मोनेलाचं सातवं रोगकारक आयलंड) ही या सेवेची चांगली परीक्षा आहे. सीटी१८ या टायफीच्या स्ट्रेनमध्ये (वाणात) हे आयलंड सुमारे १३४ किलोबेसचं असून फेयू टीआरएनएपाशी बसलेलं आहे. व्हीआय कॅप्सूलची (जीवाणूभोवतीच्या आवरणाची) जनुकं यातच आहेत, शिवाय सोप-ई या प्रथिनाचं जनुक वाहणारा प्रोफेज (जीनोममध्ये बसलेला जीवाणूंचा विषाणू) आणि पिलीची (जीवाणूवरच्या केसांसारख्या तंतूंची) जनुकंही. वेगवेगळ्या मुळांचे तुकडे जोडून ते बनलेलं असल्यामुळे त्याची जनुकीय धाटणी सगळीकडे सारखी नाही. म्हणून रचनेवर चालणाऱ्या पद्धती ते सलग न दाखवता तुकड्यांत दाखवू शकतात. तुकडे वेगवेगळी आयलंडं समजून मोजले, की निष्कर्ष तिथेच चुकतो.

आयलंडपिकमध्ये तुलनेचे जीनोम स्वतः निवडता येतात. ही सोय बरेच जण वापरत नाहीत, आणि निकालाचा कस तर तिथेच लागतो. एसपीआय-७ दिसायला हवं असेल तर साल्मोनेला टायफिम्युरियमचा एलटी२ हा स्ट्रेन घ्या, कारण त्यात ते नाही. यादीत दुसरा टायफी किंवा पॅराटायफी सी आला, तर ते आयलंड दोन्हीकडे असल्यामुळे तुलनेतून गळेल. एसपीआय-२ साठी साल्मोनेला बोंगोरी ही दूरची प्रजाती चालते. एसपीआय-१ मात्र बोंगोरीतही असतं, म्हणून तिथे ई. कोलायपर्यंत मागे जावं लागतं. तुलनेला काय घेतलं हे न लिहिता 'आयलंड आढळलं नाही' असं छापणं बरोबर नाही.

फाइलबाबत सेवा काटेकोर आहे. नुसती फास्टा (फक्त डीएनए क्रमाची फाइल) चालत नाही. जनुकं नोंदवलेली जेनबँक किंवा ईएमबीएल फाइलच लागते आणि तिच्यात क्रमही असावा लागतो. जनुकं नोंदवायला प्रोका हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर '--compliant' हा पर्याय लावा. कॉन्टिगची (जोडून तयार झालेल्या सलग डीएनए तुकड्यांची) नावं लांबली की फाइलमधली लोकस ही पहिली ओळ बिघडते आणि फाइल नाकारली जाते. व्हिब्रिओ कॉलरीसारख्या दोन गुणसूत्रांच्या जीवाणूत प्रत्येक गुणसूत्राचा निकाल वेगळा वाचायचा.

खरी अडचण अर्धवट जुळणीच्या, म्हणजे तुकडे पूर्ण न जोडलेल्या, जीनोमची. छोट्या रीडची (यंत्राने एका वेळी वाचलेल्या तुकड्यांची) जुळणी पुनरावृत्त क्रमांपाशी तुटते आणि आयलंडच्या कडेला नेमके तेच असतात. सेवा संदर्भ जीनोम घेऊन कॉन्टिग ओळीत लावते, पण संदर्भात ते आयलंडच नसेल तर त्याचे कॉन्टिग कुठेही जाऊन पडतात आणि खोटे सांधे तयार होतात. नॅनोपोरसारख्या लांब रीडने जुळणी पूर्ण करून मगच फाइल चढवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कडा हाताने ठरवा. आधी टीआरएनए शोधा, मग जवळचं इंटिग्रेज, आणि शेवटी दुसऱ्या टोकाला टीआरएनएच्या शेवटाशी जुळणारा पुनरावृत्त क्रम. रायबोसोमल प्रथिनांची जनुकं आयलंड म्हणून दाखवली गेली तर ती बाजूला काढा. त्यांचा कोडॉन वापर मुळातच निराळा असतो. रोगकारक जनुकांची ओळख व्हीएफडीबी या बीजिंगमधल्या रोगकारक जनुकांच्या माहितीकोशाच्या प्रयोगसिद्ध संचाशी वेगळी पडताळा.

निकालात एसपीआय-७ दिसलंच नाही तर जास्त सावध राहा. हे आयलंड साठवणीत आणि पुन्हापुन्हा वाढवलेल्या कल्चरमध्ये गळून पडू शकतं. रुग्णातला जीवाणूच व्हीआय-विरहित होता की प्रयोगशाळेत तसा झाला, हे नकाशा सांगत नाही. मूळ, कमी वेळा वाढवलेल्या नमुन्यावर टीव्हीआयबी या व्हीआय कॅप्सूलच्या जनुकाचा पीसीआर आणि व्हीआय अँटिसीरमची अ‍ॅग्लुटिनेशन (जीवाणूंच्या गुठळ्या होतात का हे पाहणारी) चाचणी करा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना दिलेली टायफॉइड कॉन्जुगेट लस याच व्हीआय कॅप्सूलवर आधारलेली आहे. त्यामुळे अशा भागातल्या नमुन्यांत हे दोन्ही तपास टाळू नयेत.