ट्रायम्फ स्पिटफायर १५००: इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर आठ महिने वापरल्यावर

टाकी अर्धी, तरी पेट्रोलचा काटा ‘पूर्ण’च्या पलीकडे. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला, पण रेडिएटरचा वरचा होज नेहमीइतकाच गरम. दोन्ही काटे असे एकदम चढले की थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप बदलायला धावू नका. दोघांचा वीजपुरवठा एकाच डब्यातून, म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून येतो, तिथे बघा. चुकणारा काटा एकच असेल तर मात्र डबा निर्दोष धरायचा. दोष सेंडरचा (टाकीत किंवा इंजिनावर बसून मीटरला माप पाठवणारा भाग), वायरचा किंवा त्या मीटरचा.

स्मिथ्सचा मूळ डबा आतून साधा आहे. द्विधातूची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. तार तापली की पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. सरासरी निघते १० व्होल्ट. मीटरही तापूनच हलतात, म्हणून ही उघडझाप काट्यावर दिसत नाही. डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडा उड्या मारतो आणि माणूस घाबरतो. त्यापेक्षा टेस्ट लॅम्प लावा. तो मिचकावत असेल तर डबा जिवंत आहे. जुन्या डब्याला उभं बसवण्याची दिशाही पाळावी लागते. चाळीस-पन्नास वर्षांत कॉन्टॅक्ट जळतातच.

त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबा बसवायला वीस मिनिटं लागली. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, स्पीडोमीटरमागचा जुना डबा सोडवायचा, हिरवी वायर ‘बी’ला (बॅटरीकडून येणारी) आणि फिकट हिरवी ‘आय’ला (मीटरकडे जाणारी). इंजिन चालू असताना आत १४ व्होल्ट, बाहेर स्थिर १०. पहिल्या सहा आठवड्यांच्या जोरावर पाच तारे दिले असते.

सातव्या आठवड्यात दोन्ही काटे पुन्हा वर. ‘आय’वर मोजले तर साडेबारा व्होल्ट. डबा जळला असं वाटणं साहजिक आहे, पण तो धडधाकट होता. अर्थिंग, म्हणजे डब्याची गाडीच्या बॉडीशी जोडणी, गेलं होतं. जुन्या डब्याचं अर्थिंग सुटलं तर तार तापतच नाही, कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरला जातं. नव्या डब्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो, त्याचंही तेच: अर्थचा पाय लोंबकळला की बाहेरचं व्होल्टेज आतल्यापेक्षा जेमतेम एक-दीड व्होल्टच कमी राहतं. म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक’ घेऊन या एका रोगापासून सुटका नाही, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

आता खरी तक्रार. नव्या डब्याच्या पत्र्याच्या कानावर जाड काळा रंग आहे. अर्थिंग याच कानातून, एका स्क्रूमधून जायचं, आणि तिथेच रंग! १५००चा डॅश लाकडी. स्पीडोमीटरच्या अंगाला काळी वायर आहे तेवढाच बॉडीशी संबंध. थंडीत दमट हवा, स्क्रूखाली गंज, की झालं. कान पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला, आणि कानापासून बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) स्वच्छ बोल्टपर्यंत १ चौरस मिलिमीटरची वेगळी काळी वायर आयलेट लावून नेली. तेव्हापासून आकडा हललेला नाही. कारखान्यात चिमटीभर रंग कमी लावला असता तर हे सगळं वाचलं असतं. तुमच्याकडे काटे चढले तर आधी डब्याच्या अंगावरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर धरा. अर्ध्या-एक मिनिटात काटे उतरले तर खरेदी रद्द.

व्होल्टेज बरोबर झाल्यावर पेट्रोलचा काटा पूर्वीपेक्षा खाली दिसू लागला. हा नवा बिघाड नव्हे. आधीचाच काटा खोटं बोलत होता. खात्रीसाठी सेंडरची हिरवी-काळी वायर सोडवून तिच्यात आणि बॉडीत १ वॉटचे रेझिस्टर लावा: २४० ओहमला रिकामी, ६८ला साधारण अर्धी, २०ला पूर्ण. काट्याला दोन मिनिटं द्या. वायर नुसती बॉडीला टेकवू नका, आतली तार त्याने जळू शकते. रेझिस्टरवर काटा बरोबर आणि टाकीवर चूक, तर सेंडर बघा. त्याचा तरंगणारा फ्लोट आपल्या कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तो बाद. मीटरच चुकत असेल तर पाठीमागच्या दोन छिद्रांतून दातेरी पट्ट्या किंचित सरकवता येतात, एक रिकाम्याची, एक पूर्णची.

तापमानाच्या सेंडरमध्ये थर्मिस्टर असतो. तापला की रोध घटतो, काटा चढतो. बाजारातले नवे सेंडर जुन्या मीटरशी जुळतीलच असं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. तिथे ८२ अंशांच्या आसपास दिसतंय आणि काटा तीन-चतुर्थांशावर, तर इंजिनाला नाही, सेंडरला दोष द्या.

आता पैशाचं. या डब्याच्या आत ७८१० हा १० व्होल्टचा रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर आहेत, बस्स. डब्याच्या किमतीत असे मूठभर रेग्युलेटर येतात. त्यामुळे तीन तारे, आणि ते रंगामुळे नव्हे, किमतीमुळे. जुना डबा फेकू नका. त्याची दुमडलेली कड उघडून पट्टी काढा आणि ७८१०चा पत्रा डब्याच्या अंगाला स्क्रूने आवळा. दोन्ही मीटर पूर्ण चढलेले असले तरी पाव अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे साधारण १ वॉट उष्णता; ती डब्याचा पत्रा सहज पिऊन टाकतो. आत ०.३३, बाहेर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गाडी जुन्या पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली) असेल तर ७९१० लागतो, पण त्याचा पत्रा अर्थ नसून इनपुट असतो. मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला इन्सुलेटिंग वॉशर न घालता आवळलात तर इग्निशन लावताच फ्यूज जाईल.