आयकॉन जाहिरात स्वतः विकावी की जाळ्यावर सोपवावी?

गच्चीवरच्या बागेबद्दल मी ब्लॉग लिहितो. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च त्यातूनच निघावा, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठी आधी दोन वर्षं एका जाहिरात जाळ्याचा, म्हणजे पानावर आपोआप जाहिराती दाखवणाऱ्या ॲड नेटवर्कचा, कोड लावला. गेलं दीड वर्ष आयकॉन जाहिरातींसाठी १२५ बाय १२५ पिक्सेलचे सहा चौकोन स्वतः विकतोय. तुम्ही यांतलं एक निवडायच्या विचारात असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

जाळ्याचं मोठं सुख म्हणजे कुणाकडे शब्द टाकावा लागत नाही. भिडस्त माणसाला याची किंमत कळते. सर्चमधून जुन्या लेखांवर येणारी अनोळखी माणसंही थोडंफार देऊन जातात. गूगलच्या ॲडसेन्ससारख्या जाळ्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि लहान ब्लॉगला तेवढे साठायला वेळ लागतो. पण तेवढं थांबायला माझी हरकत नव्हती.

सहन झालं नाही ते पानाचं हलणं. मजकूर आधी दिसतो, जाहिरात मागाहून उतरते आणि वाचत असलेली ओळ खाली ढकलते. सांगलीची मावशी माझी नेमाने वाचणारी. मावा पडलेल्या जास्वंदीसाठी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, हे ती फोनवर वाचत होती. नेमकी तीच ओळ सरकली आणि बोट जाहिरातीवर पडलं. ती म्हणाली, "अरे, तुझं पान सारखं हलतंय. मी आपलं बंद केलं." प्रमाण तिने मला फोन करून विचारलं. मावशीला मला विचारता आलं, बाकीच्यांनी काय केलं असेल, हे मनातून जाईना. शिवाय अशा चुकून पडलेल्या क्लिक अवैध धरल्या जातात आणि त्यांचे पैसे कापले जातात, म्हणजे त्यात माझाही फायदा नाही. जाहिरातीची उंची आधीच राखूनही पाहिली. लहान जाहिरात आली की पांढरं भगदाड, मोठी आली की पुन्हा धक्का. नीट जमवता येतही असेल कुणाला, मला जमलं नाही.

स्वतः विकलेल्या चौकोनाचं चित्र माझ्याच सर्व्हरवर असतं. त्याची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली, त्यामुळे ब्राउझर तेवढी जागा आधीच धरून ठेवतो. पान जागचं हलत नाही.

यातही कष्ट आहेत, लपवत नाही. रोपवाटिकावाले व्हॉट्सॲपवर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. एवढ्याशा चौकोनात फोन नंबर वाचताच येत नाही. मग झाडाचं एक पान आणि दोन शब्दांत नाव, असा आयकॉन मीच करून देतो. सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला पैसे मागायचो, त्यात फार संकोच व्हायचा. आता सहा महिन्यांचे आगाऊ घेतो, यूपीआयवर.

एक पथ्य मात्र पाळा. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला (लिंकला) कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. विकत दिलेले दुवे खुणेशिवाय ठेवले, तर सर्चमधलं तुमचं स्थान घसरू शकतं. "खूण नको, जास्त पैसे देतो" म्हणणाऱ्याला चौकोन नको असतो, सर्चमध्ये स्वतः वर यायला दुवा हवा असतो. अशांना मी नाही म्हणतो.

तुमचे विषय सरमिसळ असतील आणि वाचक एकदाच येऊन जाणारे असतील, तर बहुधा जाळंच बरं. एकाच विषयावर लिहीत असाल, वाचक परतून येत असतील आणि त्या विषयातले पाच-सहा विक्रेते ओळखीचे असतील, तर मी तरी चौकोनच निवडेन. जाळ्यापेक्षा रक्कम फार जास्त मिळते असं नाही, पण वर्षाचा खर्च निघतो. सध्या चार चौकोन भरलेत, दोन रिकामे आहेत. गांडूळखतवाल्यांचं वर्षभर चालतं. रोपवाटिकांना मी मे ते ऑक्टोबर हेच सहा महिने सुचवतो, कारण पावसाच्या तोंडावर लोक रोपं शोधायला लागतात.