सपाट समुद्राचे एकोणीस दिवस आणि लाटांचा अंदाज देणारे ॲप : सात महिन्यांच्या वापरानंतर

लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपविषयीचे अभिप्राय बहुधा मोठ्या लाटांच्या दिवसांत लिहिले जातात. त्या दिवसांत ॲपची खरी परीक्षा होत नाही. शेकडो किलोमीटर पसरलेले वादळ प्रारूपाच्या, म्हणजे हवा आणि समुद्राचा अंदाज काढणाऱ्या संगणकी गणिताच्या, नजरेतून सहसा सुटत नाही, आणि लाट दोन मीटरची आली काय किंवा सव्वादोनची, सर्फिंगचा बोर्ड घेऊन निघालेला माणूस तक्रार करत नाही. माझा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. सात महिन्यांपूर्वी मी अशा एका ॲपची वर्गणी भरली, सकाळ-संध्याकाळ त्यातले आकडे वहीत उतरवले आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष जे दिसले ते शेजारच्या रकान्यात लिहिले. या काळात समुद्र एकदा सलग एकोणीस दिवस सपाट पडला, आणि ॲपचे गुणदोष मला जे काही कळले ते मुख्यतः त्याच दिवसांत कळले. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारची बहुतेक ॲप मोजक्याच जागतिक प्रारूपांचे आकडे वेगवेगळ्या रंगांत रंगवून दाखवतात, त्यामुळे पुढचे बरेचसे म्हणणे तुमच्या फोनमधल्या ॲपलाही लागू पडेल.

आधी चांगले सांगते. समुद्र सपाट राहणार आहे, हे ॲपने चार-पाच दिवस आधी स्पष्ट सांगितले आणि त्यात ते चुकले नाही. ‘लाटा नाहीत’ हा अंदाज देणे वाटते तितके सोपे नसते, कारण त्यासाठी आपला किनारा ज्या दिशांना उघडा आहे त्या सर्व दिशांच्या समुद्रावर कुठेही पुरेसा वारा नाही, हे खात्रीने सांगावे लागते. पूर्वी मी अशा काळात ‘निदान एकदा बघून तरी येऊ’ म्हणून पहाटे उठून जात असे आणि तळ्यासारखे पाणी पाहून परत येत असे. ती पायपीट बंद झाली, एवढ्यासाठीसुद्धा वर्गणी वसूल झाली असे मी म्हणेन.

तक्रार सुरू होते ती ‘नाही’ आणि ‘हो’ यांच्या मधल्या भागात. एकोणीसपैकी निम्म्याहून अधिक दिवशी तक्त्यात एक ठरावीक चित्र दिसत होते : सकाळी लाटांची उंची 0.3 मीटर, दुपारी तीन वाजता 0.7 मीटर, आणि दुपारच्या रकान्यात एक तारा, म्हणजे लाट चांगली असल्याची ॲपची खूण. पहिल्या दोन दिवशी त्या ताऱ्याला भुलून मी दुपारी गेले. पाण्यावर उंची खरोखरच वाढलेली होती, पण ती लाट नव्हती. वाऱ्याने विसकटलेले, दर चार-पाच सेकंदांनी अंगावर येणारे खळबळते पाणी होते. याचे कारण त्या सपाटपणाच्या कारणातच दडलेले आहे. समोरच्या महासागरावर अतिदाबाचा प्रदेश ठाण मांडून बसला की वादळे त्याला वळसा घालून जातात आणि दूरची लाट, म्हणजे स्वेल, आपल्याकडे येत नाही. त्याच अतिदाबामुळे आकाश निरभ्र राहते, जमीन तापते आणि दुपारी खारे वारे जोरात सुटतात. म्हणजे ज्या परिस्थितीने चांगली लाट अडवली, तीच परिस्थिती दुपारी खोटी उंची तयार करते, आणि ॲपचे गुणांकन मात्र उंचीकडे पाहून खुश होते. वाऱ्याचा आकडाही तीन-तीन तासांच्या अंतराने येत असल्याने खारे वारे नेमके केव्हा सुटतील हे त्यातून कळत नाही. अकराला सुटले की एकला, हा दोन तासांचा फरक लाँगबोर्ड घेऊन जाणाऱ्यासाठी सगळा दिवस असतो. तिसऱ्या दिवसापासून मी पहाटे, रात्रीचे मतलई वारे पुरते थांबण्याआधीच, जाऊ लागले. तेव्हा गुडघाभर का होईना, पण काचेसारखी स्वच्छ लाट मिळत असे, आणि त्या वेळेला ॲप शून्य तारे देत होते.

या गोंधळाच्या मुळाशी एकच आकडा आहे. मुख्य पानावर ठळक अक्षरांत जी उंची दिसते ती लाटांची ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. शिवाय त्यात दूरचे स्वेल आणि जवळच्या वाऱ्याच्या लाटा एकत्र केलेल्या असतात. ही बेरीजही साधी नसते. 0.3 मीटरचे स्वेल आणि 0.4 मीटरच्या वाऱ्याच्या लाटा मिळून 0.7 नव्हे, तर 0.5 मीटर होतात, कारण उंचींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. त्यामुळे मुख्य पानावरचा 0.5 हा आकडा ॲप वेगळे मोजत असलेल्या तीन घटकांपैकी (वेगवेगळी स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा) नेमका कशाचा आहे, हे आतल्या पानावर गेल्याशिवाय कळत नाही, आणि ते पान ॲपने तीन वेळा बोट लावल्यावर उघडेल अशा जागी का ठेवले आहे हे मला आजही समजलेले नाही. तिथे प्रत्येक घटकाची उंची, दिशा आणि आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) वेगळा दिलेला असतो. मी आता फक्त तेच पान पाहते, आणि त्यातही आधी आवर्तकाल. सहा सेकंदांची 0.9 मीटरची लाट उथळ पाण्यात थोडीशीच वाढून फुटते. चौदा सेकंदांची 0.5 मीटरची लाट मात्र फुटताना, तळाची ठेवण अनुकूल असेल तर, जवळजवळ दुप्पट उंच होते. मुख्य पानावर पहिली मोठी दिसते आणि किनाऱ्यावर दोघी जवळपास सारख्याच उंचीच्या ठरतात, पण बोर्ड फक्त दुसरीवर नीट चालतो.

आता सोळा दिवसांच्या तक्त्याविषयी. सपाट काळात माणूस सर्वांत जास्त वेळा उघडतो तो हाच तक्ता, आणि सर्वांत कमी विश्वास ठेवावा तोही हाच. सहाव्या दिवशी ॲपने सांगितले की अकरा दिवसांनी 1.8 मीटर आणि पंधरा सेकंदांचे स्वेल येणार आहे. मी रजेचा अर्ज लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा 1.1 झाला, संध्याकाळी 2.2 झाला आणि त्यानंतरच्या दिवशी पुसला गेला. आठवड्याभरात हाच प्रकार पुन्हा घडला. अमेरिकेच्या जीएफएस या प्रारूपाची गणिते दिवसातून चार वेळा होतात आणि दर वेळी ती 384 तासांपर्यंत, म्हणजे पूर्ण सोळा दिवस पुढे नेली जातात. 2021 पासून लाटांचे गणितही त्याच प्रारूपाला जोडलेले आहे. मात्र अकरा दिवसांनी येणारी लाट निर्माण करणारे वादळ त्या दिवशी अस्तित्वातच नव्हते. ते आणखी सहा-सात दिवसांनी जन्माला येणार होते, आणि आजच्या हवेच्या नोंदींतली बारीकशी चूक तोवर इतकी फुगलेली असते की वादळ होईल, न होईल किंवा भलत्याच दिशेला जाईल. ॲप या आकड्याला आणि उद्याच्या आकड्याला एकाच जाडीच्या अक्षरांत छापते, हा माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. अनेक समांतर गणितांपैकी किती गणिते त्या लाटेवर सहमत आहेत, एवढे जरी शेजारी दाखवले असते तरी रजेचा अर्ज लिहिण्याचे माझे कष्ट वाचले असते.

यातून मला एक सवय लागली. तक्त्यात दूरचा मोठा आकडा दिसला की मी हवेच्या दाबाचा नकाशा उघडते आणि पाहते, की ही लाट पाठवणारे वादळ आज नकाशावर आहे का. नसेल तर आकडा वहीतसुद्धा लिहीत नाही. असेल, तर पुढचे काम बरेचसे अंकगणिताचे उरते. चौदाव्या दिवशी नेमके तसे घडले. सुमारे चार हजार किलोमीटरवर एक खोल कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते आणि त्याच्या कडेचा जोराचा वारा बराच वेळ आमच्या दिशेने वाहत होता. खोल पाण्यात लाटांचा समूह ज्या वेगाने पुढे सरकतो तो नॉटमध्ये हवा असेल, तर आवर्तकालाच्या सेकंदांना दीडने गुणावे. अठरा सेकंदांच्या लाटा 27 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने निघतात आणि चार हजार किलोमीटर सव्वातीन दिवसांत कापतात. बारा सेकंदांच्या लाटांना त्याच अंतरासाठी जवळजवळ पाच दिवस लागतात. स्वेल एकदम येत नाही, लांब लाटा आधी पोहोचतात आणि आवर्तकाल हळूहळू उतरत जातो, याचे कारण हेच. (हे गणित मुळात करमणुकीसाठी मांडलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवता यावे म्हणून हाराल्ड स्वेरद्रूप आणि वॉल्टर मुंक या समुद्रशास्त्रज्ञांनी लाटांच्या अंदाजाची पद्धत बसवली, आणि पुढे 1963 मध्ये मुंक यांच्या चमूने दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला.)

सतराव्या दिवशी संध्याकाळी आतल्या पानावर तिसऱ्या ओळीत 0.2 मीटर आणि 18 सेकंद असा आकडा उगवला. मुख्य पान अजूनही 0.4 मीटर, सात सेकंद आणि शून्य तारे हेच सांगत होते. मी अंधार पडेपर्यंत पुळणीवर थांबले. आठ-दहा मिनिटे काहीच घडत नव्हते, आणि मग उत्तरेकडच्या खडकाळ टोकाशी तीन लाटा एकामागून एक उठल्या, बाकी किनाऱ्यावर त्यांचा पत्ताही नव्हता. अठरा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 500 मीटर असते, त्यामुळे तिला 250 मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो. ती दूरवरच वळते आणि काही ठिकाणी एकवटते, काही ठिकाणी विखुरते. जागतिक प्रारूपाच्या जाळीत दोन बिंदूंमधले अंतरच काही किलोमीटरांपासून पंचवीसेक किलोमीटरांपर्यंत असते, तेव्हा या एका टोकाची वागणूक ॲपने सांगावी अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तो आकडा ॲपने तिसऱ्या ओळीत का होईना पण दाखवला, आणि वेळेत दाखवला, याबद्दल मात्र त्याला पूर्ण गुण देते. अशा संध्याकाळी एक काळजीही घ्यावी लागते. दोन-अडीच आठवडे शांत पाण्याची सवय झालेले लोक लहान मुलांना घेऊन उथळात बसलेले असतात, आणि लांब आवर्तकालाच्या दोन सेटमधला, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या दोन गटांमधला, विराम इतका मोठा असतो की पुढचा सेट येणार आहे हे पाण्याकडे पाहून समजत नाही. ॲपमध्ये धोक्याची सूचना उंची ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच येते, 0.2 मीटरला ती येणे शक्य नव्हते.

विसाव्या दिवशी तक्ता हिरवागार झाला : 1.3 मीटर, चौदा सेकंद, ऑफशोअर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा, पाच तारे. लाटा आल्या, उंची बरोबर होती, वेळही दोन-तीन तासांच्या आत जुळली, आणि तरीही तो दिवस फुकट गेला. लाट उलगडत न जाता सगळी एकदम कोसळत होती. सर्फर ज्याला क्लोजआऊट म्हणतात तो प्रकार. सपाट काळात छोट्या लाटा वाळू सतत किनाऱ्याकडे ढकलत राहतात, बाहेरचा वाळूचा दांडा आत सरकतो आणि मधल्या चरी बुजतात. ज्या दांड्यावर मी सपाट काळाआधी लाट पकडत होते तो आता त्या जागी नव्हता. मोठ्या लाटांनी वाळू पुन्हा बाहेर ओढायला पुढचे चार-पाच दिवस लागले, आणि सहाव्या दिवशी, ॲपने दोनच तारे दिलेले असताना, या सात महिन्यांतली सर्वांत चांगली सकाळ मिळाली.

बाकी गोष्टी थोडक्यात. भरती-ओहोटीच्या वेळा बिनचूक निघाल्या; मात्र गुणांकनात भरतीचा विचार नाही, आणि लाट लहान असते तेव्हा तोच सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण पूर्ण भरतीला छोटी लाट दांड्यावरून तशीच सरकून थेट काठावर आपटते. पाण्याच्या तापमानाचा आकडा पृष्ठभागाचा आहे आणि साधारण बरोबर येतो. जवळच्या तरंगत्या बोयाची प्रत्यक्ष मोजमापे दाखवणारे पान उत्तम आहे; अंदाज आणि मोजमाप यांत आवर्तकालाचा फरक दिसू लागला की स्वेल लवकर किंवा उशिरा येत आहे हे तिथेच कळते.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते आणि मी ती पुन्हा भरणार आहे. मुख्य पानावरून तारे आणि एकूण उंची काढून टाकण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली आहे, त्यामुळे आता पान उघडताच तीन घटकांचे आवर्तकाल समोर येतात. सोळा दिवसांचा तक्ता लपवण्याची सोय नाही. ती द्यावी, किंवा निदान सातव्या दिवसानंतरचे आकडे फिकट करावेत, असे मी ॲपच्या अभिप्राय-खिडकीतून दोनदा कळवले आहे. उत्तर आलेले नाही. आज सकाळी तिसऱ्या ओळीत 0.1 मीटर आणि 17 सेकंद दिसले. वहीत लिहून ठेवले आहे.