डाव्या निलयाचं मॉडेल: झिरो-डी, थ्री-डी की एफएसआय?

हृदयाच्या डाव्या निलयाचं, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचं, संगणकी मॉडेल करायचं असेल तर आधी एवढंच ठरवा: निलयातला दाब हवा आहे की रक्ताचा प्रवाह? निवड बरीचशी तिथेच होते. थेट थ्री-डी मेशला (आकाराचे बारीक तुकडे पाडणाऱ्या जाळीला) हात घातला की महिना निघून जातो आणि मग कळतं, हवा होता तो आकडा चार-पाच समीकरणांतून मिळाला असता.

झिरो-डी, म्हणजे आकार आणि जागा न धरणारं मॉडेल. इथे निलय म्हणजे ठोक्याबरोबर ताठ आणि सैल होणारी पिशवी. दाब = इलास्टन्स × (आकारमान − व्ही-शून्य). इलास्टन्स म्हणजे त्या क्षणीचा ताठपणा, व्ही-शून्य म्हणजे दाब शून्य असतानाचं आकारमान. सुगा आणि सागावा यांनी १९७०च्या दशकात कुत्र्यांच्या हृदयांवर हे मांडलं. पुढे महाधमनीसाठी तीन घटकांचं विंडकेसल (धमन्यांचा रोध आणि लवचिकता दाखवणारं साधं मॉडेल) जोडायचं.

हिशोब करून बघा. भरलेलं निलय १२० मिली, दाब ८ मिमी पारा. आकुंचनाच्या शेवटी ५० मिली, दाब १००. व्ही-शून्य १० मिली धरला तर किमान इलास्टन्स ८/११० म्हणजे सुमारे ०.०७ आणि कमाल १००/४० म्हणजे २.५. व्ही-शून्य ० धरला तर तोच कमाल आकडा २.० होतो. हृदय तेच, ठोका तोच! म्हणून व्ही-शून्य न सांगता दिलेल्या कमाल इलास्टन्सवर विसंबू नका.

परिघीय रोध १ आणि धमन्यांची लवचिकता १.३ (मिमी पारा, मिली, सेकंद या एककांत) घेतली तर कालांक, म्हणजे दाब ओसरायला लागणाऱ्या वेळेचं माप, १.३ सेकंद येतो. मिनिटाला ७५ ठोक्यांच्या गतीला मॉडेल स्थिरावायला आठेक ठोके लागतात. पहिले दहा सरळ टाकून द्या. झडप डायोडसारखी (एकाच दिशेने वाहू देणारी) ठेवली आणि कालपायरी (गणिताचा एकेक वेळटप्पा) मोठी घेतली तर ती उघड-मीट करत थरथरते. १ मिलिसेकंदाच्या आत राहा. लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर मिळतं. मात्र रक्त कुठे भोवऱ्यात फिरतं, कुठे साचतं, हे या मॉडेलला ठाऊकच नसतं.

थ्री-डी, भिंतीची हालचाल एमआरआयवरून. साचणाऱ्या रक्ताचा, गुठळीच्या शक्यतेचा प्रश्न असेल तर हेच घ्या. घनता १०६० किलो प्रति घनमीटर, श्यानता ०.००३५ ते ०.००४ पास्कल-सेकंद. त्रास देते ती हालचाल. ०.८ सेकंदाच्या ठोक्यात ३० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये सुमारे २७ मिलिसेकंद. मधली जागा सरळ रेषेने भरली तर प्रत्येक फ्रेमला भिंतीचा वेग झटक्यात बदलतो आणि दाबाच्या आलेखात काटे उभे राहतात. गुळगुळीत, आवर्ती स्प्लाइन (बिंदू जोडणारी वक्ररेषा) वापरा.

दुसरी अडचण याहून मोठी. आकुंचन सुरू होताना साधारण ५० मिलिसेकंद दोन्ही झडपा बंद असतात आणि रक्त दाबून त्याचं आकारमान कमी होत नाही. सेगमेंटेशनमध्ये (स्कॅनवर निलयाची कड आखताना) त्या काळात आकारमान १ मिलीने जरी हललं तरी समीकरणाला उत्तरच उरत नाही; सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) कोसळतो. त्या फ्रेममध्ये आकारमान जबरदस्तीने कायम ठेवा. एवढं करूनही निलयाच्या आतले दाबातले फरकच मिळतात. दाबाची पातळी येते ती तुम्ही तोंडावर दिलेल्या अटीवरून. म्हणजे यातून काढलेलं दाब-आकारमान वलय (एका ठोक्यातल्या दाब आणि आकारमानाचा आलेख) हा शोध नव्हे, आपणच भरलेला आकडा परत वाचणं आहे.

एफएसआय, म्हणजे रक्त आणि भिंत यांचा एकमेकांवरचा परिणाम धरणारं मॉडेल. महाधमनीतला दाब वाढला तर भिंत कशी वागेल, असा प्रश्न असेल तरच इकडे या. स्नायुतंतूंचे कोन आतून बाहेर सुमारे +६० ते −६० अंश बदलत जातात, ते घालावे लागतात. रक्त आणि स्नायू यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे सैल जोडणी (प्रत्येक पायरीत दोन्ही एकेकदाच सोडवणं) अस्थिर होते. कालपायरी लहान करून ती सावरत नाही, उलट बिघडते. प्रत्येक पायरीत पुनरावृत्ती करणारी घट्ट जोडणी किंवा दोन्ही समीकरणं एकत्र सोडवणारी पद्धत लागते. शिवाय स्कॅनमधलं निलय आधीच दाबाखाली ताणलेलं असतं. तोच आकार शून्य दाबाचा मानला तर ८ मिमी पारा देताच निलय स्कॅनपेक्षा मोठं फुगतं. आधी उलट गणिताने बिनदाबाचा आकार काढा.

बहुतेकांना मधली वाट पुरते: आत थ्री-डी, महाधमनीच्या तोंडाशी विंडकेसल. जोडल्यावर पहिली तपासणी ही करा: एका ठोक्यात द्विदल झडपेतून आत आलेलं आणि महाधमनीत गेलेलं रक्त मिलीमध्ये जुळतंय का. झडपांना गळती दिलेली नसताना ते जुळत नसेल, तर भोवऱ्यांची चित्रं बघण्याआधी मेश आणि भिंतीची हालचाल दुरुस्त करा.