कॅम्पर व्हॅनचं फर्निचर: वेल्डिंग, बोल्ट की नुसते स्क्रू?

कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करायला घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "उद्यमनगरात ने की, दुपारपर्यंत अँगल मारून देतील." सल्ला देणाऱ्याचं काही चुकत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा फौंड्री आणि मशीनशॉपचा पसारा असलेल्या गावात लोखंड जोडून घेणं हे सगळ्यात सोपं काम. पण गॅलरीची ग्रिल जागेवर उभी असते आणि गाडीतलं कपाट आपल्याबरोबर पळत असतं. पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघण्याआधी माझा कल सांगून टाकतो: वेल्डिंग जरूर करा, पण गाडीच्या बाहेर. गाडीच्या आत फक्त बोल्ट.

आधी थोडा हिशोब. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे 30 किलोचं भरलेलं कपाट त्या क्षणी 600 किलोच्या ताकदीने पुढे सुटायला बघतं, आणि पुढे तुम्ही बसलेले असता. हा झाला एकदाच येणारा धक्का. दुसरा शत्रू रोजचा: करूळ किंवा फोंडा घाटाची वळणं, पावसाळ्यानंतरचे खड्डे, आणि त्या हादऱ्याने हळूहळू सैल होणारे नट. कुठलाही पर्याय या दोन्ही कसोट्यांवर घासून बघायचा.

सांगाडा कशाचा?

नुसत्या प्लायची पेटी सुताराला सोपी आणि आवाजाला शांत. आठ बाय चारची 18 मिमीची शीट साधारण 32 ते 37 किलो भरते, 12 मिमीची त्याच्या दोन-तृतीयांश. घरच्या कपाटाच्या सवयीने सुतार सगळीकडे 18 मिमी लावायला जातो. त्याला तिथेच थांबवा. पलंगाचा तळ सोडला तर 12 मिमी पुरतं. मात्र प्लाय आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे मरीन ग्रेडचंच घ्या. गगनबावड्याच्या पावसात एक रात्र काढली की खिडक्यांवरून आतल्या आत पाणी ओघळतं, आणि त्या दमटपणात एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) कडेने फुगतं आणि स्क्रू सोडून देतं. प्लायची खरी अडचण जोडांची. कडेतून मारलेला स्क्रू हादऱ्याने भोक मोठं करत जातो. त्यामुळे आतून अँगल किंवा लाकडी पट्टी आणि गोंद दोन्ही हवेत.

लोखंडी चौकोनी पाइप इथे सगळ्यात स्वस्त, आणि कारागीर गल्लोगल्ली. 25 बाय 25, 1.6 मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.2 किलो. पलंग आणि दोन कपाटांना 20 मीटर लागला तर 24 किलो, म्हणजे 18 मिमी प्लायच्या एका शीटपेक्षाही कमी. लोक समजतात तितका हा पर्याय जड नाही. वर 6 किंवा 9 मिमीचं प्लाय फक्त झाकायला. उघड्या टोकांतून पाणी आत गेलं की पाइप आतून गंजतो, म्हणून टोकं बंद करून घ्या आणि रंगाआधी प्रायमर चुकवू नका.

खाचांचा ॲल्युमिनियम प्रोफाइल दिसायला देखणा. वेल्डिंग नको, ॲलन कीने जोडा, आवडलं नाही तर सोडवा. वजनात मात्र समजतात तेवढी बचत नाही, 40 बाय 40 चा प्रोफाइल मीटरला दीड किलोच्या घरात जातो. जोड घर्षणावर धरलेले असल्याने हादऱ्याने सरकतात. शिवाय ॲल्युमिनियम थेट गाडीच्या लोखंडाला टेकलं आणि मध्ये ओल आली की गंज धरतो, त्यामुळे मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबर हवं. मांडणी वारंवार बदलणाऱ्यानेच याच्या नादी लागावं. एकदाच करून वापरायचं असेल तर लोखंडी पाइप बरा.

गाडीला पकडायचं कसं?

खरा निर्णय इथे आहे. सांगाडा कितीही दणकट असो, तो सुटतो तो पकडीच्या जागी.

सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूची बाजू थोडक्यात. गाडीचा पत्रा साधारण 0.7 ते 0.9 मिमी जाड, आणि नेहमीच्या 4.2 मिमी स्क्रूच्या दोन आट्यांत 1.4 मिमी अंतर. म्हणजे एक आटासुद्धा पुरता बसत नाही. छताची पट्टी, दिव्याची वायर, पॅनेल यांना ठीक. कपाटाला नाही. गोंदाचंही तसंच: पॉलियुरेथेन सीलंट छान धरतो, कुरकुर बंद करतो, पण पकड म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

रिव्हेट नट हा मधला मार्ग. गाडीच्या बॉडीचे खांब आणि फासळ्या आतून पोकळ असतात, मागून पाना घालायला जागा नसते. तिथे भोक पाडून हा नट आत फुलवला की पत्र्यात पक्के आटे मिळतात. एम6 ला (म्हणजे 6 मिमी जाडीच्या बोल्टच्या नटाला) साधारण 9 मिमी आणि एम8 ला 11 मिमीचं भोक लागतं. भोक ढिलं झालं की नट बोल्टबरोबर फिरत राहतो आणि मग सोडवताना डोक्याला ताप. भोकाच्या उघड्या कडेला आधी झिंक प्रायमर लावा. कपाटाची वरची बाजू भिंतीला धरायला याहून चांगलं काही नाही. सगळं वजन याच्यावर टांगू मात्र नका.

फरशीतून आरपार बोल्ट आणि खाली प्लेट, हा सगळ्यात भरवशाचा. बोल्ट एम8, खाली 50 बाय 50 ची 3 मिमी जाड प्लेट, वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा), भोकाभोवती सीलंट. प्लेट नसेल तर मोठ्या धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून वर येतो. साध्या वॉशरवर भागवणं म्हणजे निम्मं काम. घट्ट केल्यावर नट आणि बोल्टवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की नट हलला. भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा. मारुती ईको आणि फोर्स ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे मधोमध शाफ्ट जातो. टाटा विंगर पुढच्या चाकांवर, तिला तो नाही. पण टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग सगळ्यांनाच आहे.

आता वेल्डिंग थेट बॉडीला. ताकद आहे, पण पत्रा जिथे तापतो तिथला झिंकचा थर जळतो, आणि मागच्या पोकळीत ब्रश पोचत नाही. तिथून गंज सुरू होतो. आत फोमचं इन्सुलेशन बसवलेलं असेल तर ठिणगीने आग लागू शकते. बॅटरीची वायर न काढता काम केलं तर इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं. आणि पुढे गाडी विकताना हे सोडवायचं कसं? गाडीच्या बॉडीचंच काम करणारा माहितीचा कारागीर असेल तरच विचार करा.

राहिला माझा आवडता पर्याय, सीटच्या मूळ जागा. कंपनीने सीट धरायला फरशी मुळातच जाड केलेली असते, आटे तयार असतात. सांगाडा उद्यमनगरात वेल्ड करून आणायचा, त्याच्या पायांना या भोकांच्या मापाच्या पट्ट्या लावायच्या आणि बोल्ट घालायचे. नवीन भोक एकही नाही. सीटबेल्टच्या बोल्टचे आटे मात्र बहुतेक गाड्यांत 7/16 इंची यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे बारीक आटे, असतात. त्यात मिलिमीटरचा बोल्ट दामटू नका. आणि जिथे माणूस बसणार आहे तिथला बेल्ट फर्निचरसाठी मोकळा करू नका.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि आसनसंख्या त्या तपशिलात येते. कायमचं फर्निचर करायचं असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

ईकोवाल्याने म्हणून फार विचार करू नये: सीटच्या जागी बसणारी, चार बोल्टांत बाहेर येणारी एकच लांब पेटी, वर पलंग. सोमवारी सीट परत लावून गाडी कामाला. ट्रॅव्हलर किंवा विंगर कायमची कॅम्पर करणाऱ्याने लोखंडी सांगाडा, खाली आरपार बोल्ट, वर रिव्हेट नट अशी जोडी करावी.

ड्रॉवरला घरातलं मॅग्नेटचं कॅच चालत नाही. पहिल्याच करकचून ब्रेकला चॅनेलवरून, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांवरून, सगळं बाहेर. दाबून उघडणारं लॉक नाहीतर सरळ कडी लावा. ड्रॉवरचं तोंड पुढे ठेवू नका, बाजूला किंवा मागे ठेवा. 20 लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे 20 किलो, तो वरच्या कप्प्यात नाही, फरशीवर, आणि गॅसचा सिलिंडर उभा, फरशीला बोल्ट केलेल्या कड्यांत पट्ट्याने आवळलेला.