‘टेक’ या एका क्रियापदाच्या कसोटीवर : ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी

परदेशातील महाविद्यालयासाठी केलेल्या अर्जात माझ्या भाचीने ‘आय गेव्ह द एंट्रन्स एग्झाम’ असे लिहिले होते. आपल्याकडे या वाक्याने कोणीही अडणार नाही. परंतु तिकडच्या वाचकाचा, तिने परीक्षा घेतली, असा समज होण्याचा संभव होता. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ करतात ते शिक्षक. घरातल्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात ‘टेक’पुढे ‘घेणे, नेणे, पकडणे’ एवढेच दिलेले असल्यामुळे ही उलटापालट तिला कळणार तरी कशी? म्हणून मी कपाटातील ऑक्सफर्डचा हा जाडजूड कोश खाली काढला.

जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला हा कोश प्रथम 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. परभाषक विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो, हे वर्गात पाहिलेल्या माणसाची दृष्टी त्याच्या मांडणीत आजही जाणवते.

‘टेक’ची नोंद लांबलचक आहे, पण प्रत्येक अर्थगटावर छोटे शीर्षक असल्याने वाट चुकत नाही. ही नोंद वाचताना मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की आपण मराठीत ज्यासाठी निरनिराळी क्रियापदे वापरतो, ती कामे तिथे एकाच शब्दाखाली दिसतात. औषध आपण घेतो, फोटो काढतो, आजोबांना दवाखान्यात नेतो, बसने जातो आणि पोचायला दोन तास लागतात. इंग्रजीत या सगळ्याला ‘टेक’ चालते. त्यातही ‘लागणे’ फार फसवे आहे, कारण मराठीत ‘दोन तास’ हाच कर्ता असतो, तर इंग्रजीत अशा वाक्याच्या आरंभी बहुधा ‘इट’ ठेवावे लागते. कोश हे नियम सांगून नव्हे, तर उदाहरणवाक्यांतून दाखवतो, आणि ती वाक्ये मोठ्याने वाचली की रचना आपोआप तोंडात बसते.

वाक्प्रचार आणि ‘टेक ऑफ’, ‘टेक आफ्टर’ यांसारखी जोडक्रियापदे नोंदीच्या शेवटी येतात. नवशिक्याने ती एका बैठकीत वाचू नयेत. अडले तेवढेच पाहावे. बूट काढणे आणि विमानाने उड्डाण करणे ही दोन्ही ‘टेक ऑफ’च असली, तरी पहिल्यात कर्म हवे आणि दुसऱ्यात नको, एवढे लक्षात आले तरी त्या दिवसापुरते पुरेसे आहे.

हा कोश इंग्रजीतूनच इंग्रजी समजावतो, त्यामुळे मराठी प्रतिशब्दांची जोड आपली आपणच द्यावी लागते आणि अगदी प्राथमिक वर्गातील मुलांना तो जड जाईल. नववी-दहावीपासून पुढच्यांसाठी मात्र मी तो निःशंकपणे सुचवेन, आणि त्यासोबत एक पेन्सिलही. भाचीने अर्जातले वाक्य ‘आय टुक’ असे सुधारल्यावर कोशाच्या समासात ‘परीक्षा देणे’ लिहिले, आणि ‘टेक आफ्टर’पुढे बारीक अक्षरात, ‘आईवर जाणे’.